छायेआडची शकुंतला

कालिदासाचे ‘अभिज्ञानशाकुंतल’ संस्कृत नाटक म्हणून ओळखले जाते. परंतु त्याची नायिका बोलते ती प्राकृत. दुष्यंत आणि कण्व संस्कृतात बोलतात; शकुंतला, तिच्या सख्या व विदूषक शौरसेनीत. सहाव्या अंकातील कोळी आणि त्याला धरून आणणारे शिपाई मागधी बोलतात. तेथे ‘र’चा ‘ल’ व ‘स’चा ‘श’ होतो. आपल्या धंद्याची थट्टा होताच तो कोळी, वंशपरंपरेने आलेले काम निंद्य असले तरी टाकू नये, असे त्याच मागधीत सुनावतो.

पुढे हा भेद वाचकांच्या दृष्टीआड झाला. प्राकृत संवादांबरोबर त्यांचे संस्कृत रूपांतर, म्हणजे ‘छाया’, देण्याची प्रथा होती. विद्यार्थी छायाच वाचू लागले आणि मूळ बोली मागे पडली. १७८९ साली कोलकात्यात विल्यम जोन्स यांचे भाषांतर प्रसिद्ध झाले. नाटकाची कीर्ती युरोपात पसरली. पण त्यात राजा आणि कोळी दोघेही इंग्रजीच बोलले.

प्राकृताकडे बारकाईने पाहणाऱ्यांत जर्मन पंडित रिखार्ट पिशेल अग्रणी होते. शाकुंतलाच्या पाठपरंपरांवर त्यांनी १८७० साली प्रबंध लिहिला, १८७७ साली बंगाली परंपरेची संहिता संपादिली आणि १९०० साली प्राकृत भाषांचे बृहद् व्याकरण सिद्ध केले. बंगाली पाठातील प्राकृत अधिक शुद्ध आहे, हे त्यांचे मत सर्वांना पटले नाही. पण नाटकातील बोलींचे नियम काटेकोरपणे तपासले पाहिजेत, हे त्यांच्या कार्याने ठसले.

अशा अभ्यासाचे मोल पाचव्या अंकात कळते. भर दरबारात शकुंतला राजाला ‘अज्जउत्त’ अशी हाक मारू जाते आणि अर्ध्यावर थांबते. विवाहच संशयात पडला असता पतीला उद्देशून आर्यपुत्र कसे म्हणावे? मग ती ‘पोरव’ म्हणते, म्हणजे केवळ पुरुवंशीय; आणि अखेर संतापाने ‘अणज्ज’, म्हणजे अनार्य. नात्याचा आरंभ, संशय आणि अंत या तीन संबोधनांत सामावला आहे. आणि ‘अज्ज’ व ‘अणज्ज’ यांतील आघात तिच्याच बोलीत ऐकावा लागतो.

मराठी वाचकाला ही बोली परकी नाही. हस्त, कर्ण, अद्य यांपासून हत्थ, कण्ण, अज्ज आणि त्यांवरून हात, कान, आज अशी वाट आपल्या घरापर्यंत येते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा राजा व आश्रमकन्या दोघेही मराठी बोलू लागले. नाटक घरोघरी पोचले. मुळातील भाषाभेद मात्र मावळला.

कालिदासाच्या रंगभूमीवर एक संस्कृतात विचारतो, दुसरी शौरसेनीत उत्तर देते, आणि मध्ये दुभाष्या लागत नाही. घरी मराठी व बाजारात दुसरी भाषा बोलत वाढलेल्या मुलांना हे नवल वाटणार नाही. म्हणून शाकुंतल पुन्हा हाती घ्याल तेव्हा छायेवर थांबू नका. मूळ ओळ एकदा मोठ्याने वाचा. शकुंतलेचा आवाज तेथे आहे.