ताम्रपटामागील मळी

ताम्रपट हाती आला म्हणजे आम्ही लिपी पाहतो, मिती-वार ताडून पाहतो, मुद्रा तपासतो. ‘आचंद्रार्क’ टिकावे म्हणून जे दान तांब्यावर कोरले, त्या तांब्याने खाणीच्या तोंडाशी काय मागे ठेविले, हा प्रश्न मात्र आमच्या मनात फार उशिरा आला.

राजस्थानातील खेत्री-सिंघाणा हा ताम्रप्रदेश या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ‘ऐन-इ-अकबरी’त सिंघाण्याच्या तांब्याच्या खाणीचा उल्लेख आहे; त्याच टापूतील गणेश्वर येथील ताम्रवस्तू तर ख्रिस्तपूर्व तिसऱ्या सहस्रकापर्यंत मागे जातात. जुन्या भट्ट्यांच्या मळीचे ढीग तेथे आहेत. मळीत अडकलेल्या कोळशावरून काळ ठरविता येतो आणि तीत राहून गेलेल्या तांब्यावरून भट्टीवाल्याचे कसब कळते.

परंतु हे साधन निरुपद्रवी नव्हे. खेत्रीचे तांबे मुख्यतः माक्षिकात, म्हणजे लोह व गंधक यांच्या संगतीत असते. फोडलेला खडक उघड्यावर पडला की हवापाण्याने गंधकाम्ल बनते व ते तांबे विरघळवून ओढ्याविहिरींकडे नेते. जुन्या लोकांनी याच क्रियेचा लाभ घेतला. खाणीतील टाकाऊ माती भिजवून, ते पाणी आटवून ते मोरचूद काढीत. रसग्रंथांतील सस्यक तो हाच. (‘सस्य’ शब्दावरून येथे धान्य शोधणारे विद्यार्थीही आम्हांस भेटले आहेत!) जॉर्डनमधील फैनान येथे तर रोमन काळच्या भट्ट्यांचे तांबे व शिसे आजही मातीत सापडते.

हिंदुस्थान कॉपर ही सरकारी कंपनी १९६७ साली स्थापन झाली. धातुकात तांबे शेकडा एकच्या आसपास. म्हणजे शंभर मणांतील बहुतेक सर्व टाकाऊ. तो दळलेला चुरा बांध घातलेल्या तळ्यात साठवितात. खेत्रीची भट्टी २००८ साली बंद पडली. चुरा कोठे जाणार? त्यावर चिकणमातीचा थर देऊन हवा तोडणे, आम्लास चुन्याने मारणे, काही चुरा रिकाम्या खाणीतच भरणे, हे उपाय ज्ञात आहेत.

जुन्या मळीस हात लावू नये, असे आमच्या काही स्नेह्यांचे मत. ते आम्हांस मान्य नाही. आधी मोजमाप व नमुने घ्यावे, मग ढीग जागीच झाकावा. पुरावा व पाणी दोन्ही वाचतील.

ज्यांच्या संग्रही शेखावाटीतील खाणींच्या इजाऱ्याचे कागद असतील, त्यांनी त्यांत विहीर नासल्याची, पीक जळाल्याची वा कोळशासाठी रान तोडल्याची तक्रार आहे काय, हे पाहून आम्हांस अवश्य कळवावे.