जावाचे पडद्यामागचे कामकरी

संगणकास एकाच वेळीं अनेक कामें सांगावीं, ही इच्छा जुनी. पण तीं एकमेकांच्या पायांत येऊं नयेत, ही विवंचनाहि तितकीच जुनी आहे. एका खात्यांत १०० रुपये आहेत. दोन कारकून तीच वही उघडतात, दोघेहि १०० वाचतात, आणि आपापले १० मिळवून प्रत्येक जण ११० लिहितो. मग उरलेले दहा गेले कोठें? चोर कोणीच नाहीं, हिशेब मात्र चुकला!

१९७० नंतरच्या चार-पांच वर्षांत पेर ब्रिंच हॅन्सन व टोनी होअर यांनीं यावर 'मॉनिटर' हा उपाय मांडला. सामायिक वही एका खोलींत ठेवावी व तेथें एका वेळीं एकासच प्रवेश द्यावा. ब्रिंच हॅन्सन यांच्या 'कॉन्करंट पास्कल' या भाषेंत ही शिस्त लिहिणाऱ्याच्या मर्जीवर नव्हती. नियम मोडणारा प्रोग्राम कंपाइलरच नाकारी.

१९९५ सालीं सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें जावा भाषा जाहीर केली. 'थ्रेड', म्हणजे एकाच प्रोग्रामांत जोडीनें राबणारे कामकरी, तिच्यांत आरंभापासूनच होते. कुलूपहि होतें: 'सिंक्रोनाइज्ड' हा शब्द लिहिला, कीं दार बंद. पण तो लिहावयाचा राहिला तर? कंपाइलर मुकाट्यानें पुढें जाई. १९९९ सालीं ब्रिंच हॅन्सन यांनीं लेख लिहून, जावानें पंचवीस वर्षांच्या संशोधनाकडे पाठ फिरविली, असा ठपका ठेवला. टीका कठोर खरी. अन्याय्य होती, असें मला वाटत नाहीं. कामकऱ्यास मध्येंच थांबविण्याची 'स्टॉप' ही सोय तर याहून घातक ठरली. तो थांबतांच त्याचीं कुलुपें उघडत व अर्धवट लिहिलेली वही इतरांच्या हातीं पडे. १९९८ च्या आवृत्तींत ती सोय वापरूं नये, असें सांगावें लागलें.

न्यूयॉर्क राज्यांतील ऑस्विगो येथील प्राध्यापक डग ली यांच्या पुढाकारानें तयार झालेली नवी सामग्री २००४ च्या पांचव्या आवृत्तींत आली. प्रत्येक कामास नवा कामकरी न नेमतां ठराविक टोळी ठेवावयाची, काम रांगेंत टाकावयाचें व सांगणाऱ्यास 'फ्यूचर' नांवाची पावती द्यावयाची. पावती दाखवावी, फळ घ्यावें. काम अपुरें असल्यास तेथेंच थांबावें. या पावतीची एक खोड मात्र अनुभवी मंडळींनाहि चकविते. पडद्यामागें घडलेली चूक तिच्यांतच दडून राहते. फळ मागावयास कोणी गेलेंच नाहीं, तर तिचा पत्ताहि लागत नाहीं.

२०२३ च्या एकविसाव्या आवृत्तींत 'व्हर्च्युअल थ्रेड' आले. ते इतके स्वस्त आहेत कीं, लाखों कामकरी नेमले तरी चालतें, व पुष्कळ ठिकाणीं टोळीची गरजच राहिली नाहीं. सामायिक वहीचें कुलूप अद्याप लिहिणाऱ्यानेंच लावावयाचें आहे.