खासगी आणि दौलत

धार जिल्ह्यातील डहीच्या दक्षिणेस वाहणारी नर्मदा महेश्वराकडून येते. तेथे अहिल्याबाई होळकर यांनी 1767 ते 1795 पर्यंत राज्य केले. हुकूम निघत ते श्रीशंकराच्या नावाने. देवाच्या नावे कारभार पाहणाऱ्या महाजनांस ही रीत परकी वाटू नये.

दौलतीचा पैसा निराळा आणि खासगीचा निराळा, हा भेद बाईंनी कटाक्षाने पाळला. त्यांच्या सासूबाई गौतमाबाईंस बाजीराव पेशव्यांनी 1734 मध्ये खासगी उत्पन्न लावून दिले होते. काशी, सोमनाथ येथील देवालयांचा खर्च खासगीतून झाला. रयतेच्या वसुलास हात लागला नाही.

तथापि देण्याहून न घेणे कठीण. खरगोणचे दोन श्रीमंत सावकार बंधू निःसंतान वारले. बेवारस धनावर सरकारने हात टाकावा, हा त्या काळचा सर्वत्र परिपाठ. येथे तर विधवा आपण होऊनच सर्व संपत्ती अर्पण करण्यास महेश्वरी आल्या. बाईंनी ती स्वीकारली नाही. लोकोपयोगी कार्यास लावा, असे सुचविले. त्यातून खरगोणास नदीवर घाट व गणपतीचे मंदिर झाले. ही हकीकत नोंदविणारा सर जॉन माल्कम कंपनी सरकारचा अधिकारी, होळकरांचा आश्रित नव्हे. बाईंच्या मृत्यूनंतर तीस वर्षांच्या आत त्याने ती माळव्यातील लोकांकडूनच मिळविली.