नकाशात आपलं घर कुठंय?

कारंजा हे वेशींचं गाव. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. वेशीचं नाव वाचलं की रस्ता कुठं जातो ते कळतं. पण त्या वेशीतून सुखानं आत कोण जायचं आणि बाहेर कोण थांबायचं, ते नावात नाही. ते आपल्याला काढायचंय.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढं मुंबईच्या धर्तीवर रयतवारी मोजणी आली. साखळी पडली, दगड रोवले, शेताशेताला नंबर मिळाला. कशासाठी? सारा पाहिजे होता, कापूस पाहिजे होता. १८८६ ला कारंज्यात सरकारी हुकमानं कापसाचा बाजार बांधला गेला, तो देशातला पहिला.

म्हणून जुना गावनकाशा शेत दाखवतो, घर नाही. मधे गावठाणाचा एक कोरा तुकडा असतो. तो कुणासाठीच मोजला नाही, हे खरं. पण पाटील आपल्या शेताच्या नंबरासकट कागदावर आला. ज्याला जमीनच नाही, त्याला नंबर कुठून?

आणि गंमत बघा. शिवेचा तंटा पडला की साक्ष महाराची! गावाची शीव ज्याच्या पायाला पाठ, त्याचं घर कोऱ्या जागेत नाहीतर त्याच्याही बाहेर. नकाशावर विहिरीची खूण सापडते. पाणी कुणाला वर्ज्य होतं, त्याची खूण नाही.

नावं तर बदलतातच. इंग्रजी नकाशावरचं बासीम म्हणजे आपलं वाशिम. १९०५ ला तो जिल्हा मोडून अकोल्यात घातला, १ जुलै १९९८ ला पुन्हा उभा केला. २०२० ला सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचं ठरवलं. चांगलंच झालं. पण पाटी बदलली म्हणून वस्ती जागची हलते काय? ती वेशीबाहेर का वसली, हा सवाल पाटीखाली पुरला जाऊ नये.

तर कामाला लागा. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावाच्या नकाशाची नक्कल काढा. ती घेऊन म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. इचारा, "आजी, तुमी पाणी कुठून आणत होत्या? मढं कोन्या वाटेनं नेत होते?" सांगतील तिथं पेन्सिलीनं खूण करा, खाली तारीख घाला.

साहेबाच्या साखळीनं सारा मोजला. आपला माणूस आपणच मोजायचा आहे.