व्यवस्थापिकेची प्रतिमा आणि अमेरिकन धंदेविषयक नियतकालिके

१९६५ साली ‘हार्वर्ड बिझिनेस रिव्ह्यू’ने स्त्री-अधिकाऱ्यांविषयीच्या एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्री-अधिकारी ही माणसे आहेत काय, अशा अर्थाचे त्या लेखाचे शीर्षक होते. त्यात विनोद अभिप्रेत असला, तरी तो कोणाच्या जिवावर केला होता हे उघड आहे. पाहणीत ४१ टक्के पुरुषांचे मत प्रतिकूल होते. १९८५ च्या फेरपाहणीत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. मात्र दोन्ही वेळी विचारले गेले ते स्त्रीविषयीचे इतरांचे मत. तिने कारभार कसा चालविला, हा प्रश्न गौणच राहिला.

‘काचेचे छत’ हा शब्दप्रयोग मॅरिलिन लोडेन यांनी १९७८ मध्ये केला होता. परंतु तो रूढ झाला १९८६ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने उचलल्यानंतर. या रूपकाने दोष स्त्रीच्या स्वभावातून काढून कंपनीच्या रचनेत ठेवला, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. १९९१ च्या नागरी हक्क कायद्याने त्याच नावाचा आयोग नेमला गेला.

याउलट इतिहास १९८९ चा आहे. ‘कॅटलिस्ट’ या संस्थेच्या संस्थापिका फेलिस श्वार्ट्झ यांनी ‘हार्वर्ड बिझिनेस रिव्ह्यू’मध्ये व्यवस्थापिकांचे दोन वर्ग कल्पिले : व्यवसायाला अग्रस्थान देणाऱ्या, आणि व्यवसाय व कुटुंब दोन्ही सांभाळू पाहणाऱ्या. दुसऱ्या वर्गातील कर्तबगार स्त्रिया गमावू नयेत म्हणून कंपन्यांनी लवचिक सवलती द्याव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘मॉमी ट्रॅक’ हे शब्द त्या लेखात कोठेही नाहीत. ते वृत्तपत्रांनी बहाल केले, आणि लेखिकेने वारंवार नाकारूनही तेच तिच्या नावाला चिकटले. वर्गीकरण मुळातच धोक्याचे होते हे खरे. पण पितृत्व स्वीकारणाऱ्या व्यवस्थापकासाठी तसा स्वतंत्र मार्ग कोणत्याही संपादकास सुचला नाही.

१९९८ मध्ये ‘फॉर्च्युन’ने प्रभावशाली स्त्रियांची यादी सुरू केली. तीत पहिल्या आलेल्या कार्ली फिओरिना १९९९ साली ‘ह्यूलेट-पॅकार्ड’च्या प्रमुख झाल्या, आणि काचेचे छत उरलेले नाही असे त्यांनी त्या वेळी सांगितले. २००५ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांना खुलासा करावा लागला तो केवळ व्यापारी निर्णयांचा नव्हे. कार्यालयात आपण गुलाबी संगमरवरी न्हाणीघर बांधवून घेतले नव्हते, याचाही.