सक्रिय विभंग : भूरूपे व नद्या यांवरून अभ्यास

भूकवचातील ज्या भेगेच्या दोहो बाजूंचे खडक परस्परांना घासून सरकले आहेत, तिला विभंग अथवा प्रस्तरभंग म्हणतात. आणि असे सरकणे गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत झालेले असून पुढेही होण्याचा संभव असेल, तर तो विभंग सक्रिय समजला जातो. भूकंपमापक यंत्रांचे दफ्तर जेमतेम सव्वाशे वर्षांचे आहे, आणि एकाच विभंगावरील दोन मोठ्या भूकंपांमधील अंतर मात्र पुष्कळदा शतकांत, प्रसंगी सहस्रकांतही मोजावे लागते. म्हणून यंत्रपूर्व काळाचा दाखला जमिनीचे चढउतार आणि नद्यांची पात्रे यांमध्येच शोधावा लागतो. यांतही नदीची साक्ष अधिक मोलाची, कारण सपाट प्रदेशात डोळ्यांना न जाणवणारा उतारातील फरकही पाण्याला तत्काळ जाणवतो.

या साक्षीचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण कच्छच्या रणात आहे. १६ जून १८१९ रोजी झालेल्या भूकंपात रणाच्या वायव्य भागात सुमारे ८० किलोमीटर लांबीचा आणि काही ठिकाणी ६ मीटरपर्यंत उंचीचा मातीचा आडवा उंचवटा वर आला, त्याच्या दक्षिणेकडील भूमी खचली, आणि कच्छ दरबारचे जकातीचे ठाणे असलेला सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली जाऊन त्याच्या एका बुरुजाच्या आश्रयाने माणसे कशीबशी वाचली. सिंधच्या सत्ताधीशांनी नदीवर घातलेल्या मानवी बंधाऱ्यांहून हा निराळा, म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाबंद’ हे नाव दिले. कोणत्याही परिभाषेहून ते अधिक अर्थवाही आहे असे वाटते. सिंधूची पुराण नावाची जुनी पूर्वशाखा या बंदाने अडली. परंतु १८२६ च्या महापुरात तिचे पाणी बंद फोडून दक्षिणेस गेले, आणि नदीने स्वतःच केलेल्या त्या छेदात उचललेले थर उघडे पडले. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर बर्न्झ याने हे स्थळ पाहिले, आणि चार्ल्स लायेल याने आपल्या भूविज्ञानाच्या ग्रंथात त्यास स्थान दिले. उत्तरेची बाजू वर व दक्षिणेची खाली, यावरून उत्तरेकडे कललेल्या विभंगपृष्ठावर उत्तरेचा खंड चढला असा उलगडा होतो.

भूमी वारंवार उचलली जात असेल, तर नदी आपले पात्र खोल कापीत जाते आणि पूर्वीची पूरमैदाने काठांवर पायऱ्यांसारखी उंच उरतात. त्यांतील कोळसा अथवा वाळू यांचे वय काढले, की उचलण्याचा वेग हाती येतो. नेपाळात बागमती व बकैया या नद्यांच्या पायऱ्यांवरून हिमालयाच्या पायथ्याच्या विभंगावरील सरक वर्षाला सुमारे २१ मिलिमीटर ठरविण्यात आली आहे. पात्राच्या उतारात अकस्मात येणारा टप्पाही असाच सूचक असतो, मात्र तो केवळ कठीण खडकामुळेही येऊ शकतो.

विभंगाची हालचाल आडवी असेल, तर त्यास ओलांडणारे ओढे मधोमध तुटून सरकतात. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास विभंगावरील वॉलेस क्रीक हा ओढा असा सुमारे १३० मीटर सरकला असून, त्यास सुमारे ३,७०० वर्षे लागली असावीत, असे केरी सी व रिचर्ड जान्स यांनी १९८४ मध्ये दाखविले. म्हणजे वेग वर्षाला सुमारे ३४ मिलिमीटर पडतो. त्याच परिसरातील लहान घळींची सुमारे ९ मीटरची सरक दीर्घकाळ १८५७ च्या एकट्या भूकंपाच्या खाती जमा होती; विमानातून लेसर किरणांनी केलेल्या बारीक मोजणीने २०१० मध्ये त्या भूकंपाचा वाटा तेथे ५ मीटरच्या आसपास ठरला, आणि बाकीची सरक त्याआधीच्या भूकंपाकडे गेली. पुरावा जमिनीवर तोच होता. मोजणारी दृष्टी तेवढी सूक्ष्म झाली.

नदीचे प्रत्येक वळण मात्र विभंगाच्या नावे लावता येत नाही. महाबळेश्वराहून दक्षिणेस वाहणारी कोयना हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेस वळते. हे वळण कितीही लक्षवेधी असले, आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप याच खोऱ्यात झाला असला, तरी खडकातील सांधे किंवा एका नदीने दुसरीचे पाणी हिरावणे यांनीही अशी वळणे घडतात, आणि केवळ नकाशावरून निकाल देणे घाईचे होईल. जेथे भूमी अतिशय मंद गतीने विकृत होते, तेथे तर ही पद्धतीच अडखळते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीस हजारो माणसे दगावली, परंतु त्या भूकंपाने पृष्ठभागावर उठविलेला उंचवटा जेमतेम कमरेइतका, तोही शेतांतून थोड्याच अंतरापर्यंत गेलेला होता. आणि काळ्या जमिनीत नांगरट, कुळवणी व पावसाळे यांपुढे एवढी खूण फार वर्षे टिकत नाही.