संसदीय सुधारणा, ब्रिटनमधील : उदारमतवाद आणि मताधिकाराची मोजपट्टी

एकोणिसाव्या शतकात हाउस ऑफ कॉमन्सची रचना, मतदारसंघांची वाटणी आणि मताधिकाराच्या अटी बदलणारे जे कायदे ब्रिटनमध्ये झाले, त्यांना मिळून संसदीय सुधारणा म्हणतात. १८३२, १८६७ आणि १८८४ चे तीन सुधारणा कायदे हा तिचा कणा. गुप्त मतदानाचा १८७२ चा, निवडणुकीतील लाचलुचपतीला आळा घालणारा १८८३ चा आणि मतदारसंघांच्या फेरवाटणीचा १८८५ चा हे कायदे तिचेच भाग होत. हा इतिहास बहुधा दोन प्रकारे सांगितला जातो. उदार पुढाऱ्यांनी न्यायबुद्धीने टप्प्याटप्प्याने लोकांच्या हाती सत्ता सोपवली, असे काही जण मानतात. जमीनदार वर्गाने क्रांती टाळण्यापुरते तुकडे टाकले, असे इतर म्हणतात. दोहोंत तथ्य आहे; पण ज्यांना सार्वत्रिक मताधिकार नको होता त्यांच्याच कायद्यांनी त्याची वाट कशी मोकळी झाली, याचा उलगडा दोहोंनीही होत नाही. तो त्या कायद्यांच्या घडणीत सापडतो. ब्रिटिश उदारमतवाद्यांपैकी बहुतेकांनी मत हा प्रत्येकाचा हक्क मानला नाही. लायक माणसाकडे सोपवलेली जबाबदारी मानली. परंतु लायकी एकदा पौंडांत मोजून कायद्यात लिहिल्यावर ती मोजपट्टी एका खुणेवर धरून ठेवणे त्यांना कधीच जमले नाही.

१८३२ पूर्वीची व्यवस्था कोणी आखलेली नव्हती. ती शतकानुशतके साचत आली होती. राजाने कधीकाळी सनद दिलेल्या गावाला कॉमन्समध्ये सभासद पाठवता येत आणि गाव ओस पडले तरी तो अधिकार टिके. विल्टशरमधील ओल्ड सेरमला वस्ती उरली नव्हती. सफकच्या किनाऱ्यावरील डनिच या जुन्या बंदराचा बराच भाग समुद्राने गिळला होता. तरी दोन्ही ठिकाणांहून प्रत्येकी दोन सभासद लंडनला जात. एकट्या कॉर्नवॉल परगण्याचे ४० हून अधिक सभासद होते. मात्र लाखावर वस्तीच्या मँचेस्टरला आणि बर्मिंगहॅम, लीड्स, शेफील्ड या कारखानदारीच्या शहरांना स्वतःचा एकही नव्हता. मत कोणाला, याचे नियमही गावोगाव निराळे होते : कुठे नगरसभेच्या मूठभर सदस्यांना, कुठे ठरावीक घरांच्या मालकांना, तर कुठे आपल्या चुलीवर भांडे चढवणाऱ्या प्रत्येक घरधन्याला. अनेक गावे एखाद्या उमरावाच्या मुठीत असत आणि तो सांगेल तो सभासद होई. या व्यवस्थेचे समर्थक म्हणत, की सभासद आपल्या गावापुरता नसून साऱ्या राष्ट्राचा प्रतिनिधी असतो, आणि खिशातल्या मतदारसंघांमुळेच गुणी तरुणांना लवकर प्रवेश मिळतो. यातला दुसरा मुद्दा पोकळ नव्हता. सुधारणेच्या बाजूने सर्वांत प्रभावी भाषण करणारा मेकॉले स्वतः लॉर्ड लॅन्सडाउनच्या ताब्यातील कॅन या गावातर्फे निवडून आलेला होता. पण सुधारणेनंतर त्याच मेकॉलेला लीड्सच्या नव्या मतदारांनी निवडून दिले. गुणी माणसांना वाट मिळण्यासाठी उमरावाच्या कृपेची गरज नव्हती, हे एवढ्यावरून दिसते.

बदलाची मागणी जुनी होती. उदारमताकडे झुकलेल्या व्हिग पक्षाचा पुढारी चार्ल्स ग्रे याने १७९७ मध्येच सुधारणेचा प्रस्ताव मांडून पाहिला होता. पण फ्रेंच राज्यक्रांतीच्या धास्तीने तो विषय मागे पडला. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर हजारो स्त्रीपुरुषांची शांततेने भरलेली सभा घोडदळाने उधळली आणि त्यात माणसे मेली. ‘पीटर्लू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या हत्याकांडाने हा विषय पुन्हा पेटवला. १८३० मध्ये ग्रे पंतप्रधान झाला आणि १ मार्च १८३१ रोजी लॉर्ड जॉन रसेलने विधेयक मांडले. दुसऱ्या वाचनात ते ३०२ विरुद्ध ३०१, म्हणजे एका मताने तरले. पुढे निवडणूक होऊन ग्रेला भक्कम बहुमत मिळाले, तरी ऑक्टोबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने विधेयक ४१ मतांनी फेटाळले. त्यावर नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल पेटली. विधेयक लॉर्ड्समध्ये पुन्हा अडले, तेव्हा मे १८३२ मध्ये ग्रेने राजीनामा दिला. सुधारणाविरोधी पुढारी वेलिंग्टनला मंत्रिमंडळ बनवता आले नाही, आणि गरज पडल्यास विधेयकाच्या बाजूचे नवे उमराव नेमण्याचे चौथ्या विल्यमला कबूल करावे लागले, तेव्हा लॉर्ड्स नमले. ७ जून १८३२ रोजी कायद्यावर राजाची संमती झाली.

या कायद्याने ५६ गावांचे प्रतिनिधित्व पूर्ण काढून घेतले आणि आणखी ३० गावांचा एकेक सभासद कमी केला. शहरांत वर्षाला १० पौंड भाडेमूल्याच्या घरात राहणाऱ्या पुरुषाला मत मिळाले. इंग्लंड-वेल्समधील मतदार सुमारे ४ लाखांवरून साडेसहा लाखांवर गेले. स्कॉटलंडमध्ये तर जेमतेम साडेचार हजारांचे सुमारे ६५ हजार झाले. या आकड्यांपेक्षा ते कसे ठरले हे अधिक बोलके आहे. त्याआधी एखाद्या गावाचे प्रतिनिधित्व काढले तर ती शिक्षा असे : लाचखोरी उघड झाली म्हणून १८२१ मध्ये ग्रॅमपाउंडच्या जागा काढून यॉर्कशरला दिल्या, त्या तशाच. १८३२ मध्ये कोणाचा गुन्हा शोधला नाही. घरांची संख्या आणि भरलेला कर यांवरून टॉमस ड्रमंड या अधिकाऱ्याने गावांची क्रमवारी लावली आणि तिच्या तळाची गावे गळाली. प्रतिनिधित्व ही वारसाहक्काची मालमत्ता न राहता संसदेने हिशेबाने वाटायची गोष्ट ठरली. ब्रिटनच्या राजकीय इतिहासात याहून मोठा पालट त्या शतकात झाला नाही, असे माझे मत आहे.

विरोधकांनी हे आधीच ओळखले होते. जे दार बंद करण्याची आशा नाही ते उघडायला आपण तयार नाही, अशा आशयाचे रॉबर्ट पील तेव्हाच बोलला होता. व्हिगांना तसे वाटत नव्हते. मध्यमवर्गाला आत घेतले म्हणजे राज्यघटना सुरक्षित झाली आणि प्रश्न कायमचा मिटला, अशी त्यांची समजूत होती. रसेलने १८३७ मध्ये ही सुधारणा अंतिम असल्याचे जाहीर केले आणि त्यावरून त्याला ‘फायनॅलिटी जॅक’ हे नाव चिकटले. त्याच रसेलने १८५२, १८५४ आणि १८६० मध्ये नवी विधेयके आणली, आणि १८६६ मध्ये पंतप्रधान म्हणून आपला अर्थमंत्री ग्लॅडस्टन याच्याकरवी आणखी एक. ही त्याची वैयक्तिक चंचलता नव्हती. १० पौंडांच्या घरात राहणारा लायक आणि ९ पौंडांच्या घरातला नालायक का, याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते, कोणाजवळच नव्हते. जुना नियम विचित्र असला तरी प्राचीनतेच्या बळावर त्याचे समर्थन होत असे. नव्या नियमाला तो आधार नव्हता. त्याला कारण द्यावे लागे, आणि दिलेले प्रत्येक कारण एक पायरी खालच्या माणसालाही लागू पडे.

यावर पहिला आक्षेप असा, की १८३२ ने काही गरिबांचे मत उलट हिरावले. प्रेस्टनसारख्या जुन्या व्यापक मताधिकाराच्या शहरांत मजूर मत देत असत. त्यांच्यातल्या हयात मतदारांचा हक्क राखला गेला, पण पुढच्या पिढीचा गेला. हे खरे आहे आणि ते झाकू नये. शिवाय ग्रामीण भागात ५० पौंडांवरच्या कुळांना मत दिल्याने जमीनदारांचे बळ वाढले. मात्र हक्क गमावलेल्या मजुराला आता स्थानिक रूढीचा तंटा न घालता साऱ्या देशासाठी एकच मागणी करता येऊ लागली. मजुरांच्या चळवळीने काढलेल्या १८३८ च्या लोकसनदेत (पीपल्स चार्टर) ती मागणी सहा कलमांत उतरली. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे : जे झाले ते बर्मिंगहॅम पोलिटिकल युनियनसारख्या संघटनांच्या आणि रस्त्यावरच्या माणसांच्या दबावाने झाले, उदार विचाराने नाही. दबाव नसता तर लॉर्ड्स नमले नसते, यात शंका नाही. पण दबाव एवढाच निर्णायक असता, तर १८३९, १८४२ आणि १८४८ मध्ये लाखो सह्यांचे अर्ज घेऊन आलेले सनदवादी रिकाम्या हाताने परतले नसते. त्या वेळी मजुरांच्या बाजूने सरकारात कोणी नव्हते. तरी त्यांच्या सहांपैकी पाच मागण्या पुढे कायदा झाल्या : उमेदवाराला मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली, गुप्त मतदान १८७२ मध्ये आले, बऱ्याच अंशी समान मतदारसंघ १८८५ मध्ये, सभासदांना वेतन १९११ मध्ये आणि सर्व पुरुषांना मत १९१८ मध्ये. दरसाल निवडणूक तेवढी कधी झाली नाही.

तिसरा आक्षेप १८६७ चा. व्हिग, रॅडिकल आणि पीलचे अनुयायी १८५९ मध्ये एकत्र येऊन लिबरल पक्ष उभा राहिला; पण मजुरांना मत देणारा दुसरा कायदा केला तो हुजूर पक्षाच्या डिझरेलीने. ग्लॅडस्टनचे ७ पौंडांच्या अटीचे विधेयक १८६६ मध्ये पडले ते लिबरल पक्षातीलच रॉबर्ट लो आणि त्याच्या साथीदारांमुळे. लोचे म्हणणे सरळ होते : लायकी हाच निकष असेल तर तो सोडून खाली उतरण्याचे कारण दाखवा, आणि संख्या हाच निकष असेल तर ७ वर तरी का थांबता? तो लोकशाहीचा विरोधक होता, तरी आपल्या पक्षातली मुख्य विसंगती त्यानेच सर्वांत स्पष्ट मांडली. डिझरेलीने पौंडांची खूणच पुसली आणि स्थानिक कर भरणाऱ्या शहरी घरधन्याला मत देऊ केले. मग घरमालकामार्फत, भाड्यातच कर भरणाऱ्यांचा प्रश्न निघाला. हॉजकिन्सन या लिबरल सभासदाची दुरुस्ती डिझरेलीने स्वीकारली, आणि काही लाख माणसे एका झटक्यात यादीत आली. इंग्लंड-वेल्समधील मतदार सुमारे १० लाखांचे २० लाख झाले. पक्षहितासाठी केलेला तो डाव होता, हे मान्य. पण १८३२ ने रचलेल्या पटावरच तो खेळता आला.

१८७२ नंतर जमीनदाराला कुळाचे मत उघड पाहता येईना. १८८३ ने निवडणूकखर्चाला मर्यादा घातली. १८८४ ने शहरातला नियम खेड्यांना लावला, शेतमजूर आणि खाणकामगार मतदार झाले, आणि प्रौढ पुरुषांपैकी पाचांतल्या सुमारे तिघांना मत मिळाले.

या परंपरेचा गंभीर दोष स्त्रियांच्या बाबतीत दिसतो. १८३२ च्या कायद्यानेच ‘पुरुष व्यक्ती’ असे शब्द प्रथम लिहिले. रूढीने होणारी वंचना कायद्याची झाली. लायकी मालमत्तेने मोजायची तर कर भरणारी घरमालकीण बाहेर का, हा प्रश्न यॉर्कशरच्या मेरी स्मिथने १८३२ मध्येच अर्जाद्वारे विचारला. १८६७ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने ‘पुरुष’ऐवजी ‘व्यक्ती’ घालण्याची दुरुस्ती मांडली, ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली. १८८४ मध्ये खुद्द ग्लॅडस्टनने विधेयकावर आणखी ओझे नको म्हणून स्त्रियांना दूर ठेवले. मोजपट्टी आपल्याच नियमाने चालली असती तर त्यांना आत घ्यावेच लागले असते. ती थांबवली, म्हणून हा अन्याय मोठा ठरतो.

भारताचा संबंध इथेच येतो. मिलने आयुष्याची तीन दशकांहून अधिक वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरी केली. १८६१ च्या आपल्या ग्रंथात त्याने शिक्षितांना जादा मते सुचवली आणि प्रातिनिधिक राज्यपद्धती भारताला अजून पेलणार नाही असे मानले. लायकीची भाषा साम्राज्याच्या कामी आली, हे नाकारता येत नाही. पण मुंबईच्या सुशिक्षितांनी ती भाषा उलटवली : अडचण लायकीची असेल तर तिचे माप सांगा, आम्ही ते पुरे करतो. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनने संसदेकडे धाडलेला अर्ज, आणि पुढे रानडे व गोखले यांचे राजकारण, याच युक्तिवादावर उभे होते. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लिबरल उमेदवार म्हणून कॉमन्सवर निवडून आले तो सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघ १८८५ च्या फेरवाटणीत निर्माण झालेला होता आणि त्यांची आघाडी बोटांवर मोजण्याइतक्या मतांची होती.

ब्रिटनमध्ये स्त्रीपुरुषांना समान मताधिकार १९२८ मध्ये मिळाला, तरी व्यवसायाच्या जागेमुळे किंवा विद्यापीठाच्या पदवीमुळे मिळणारे जादा मत १९४८ च्या कायद्यापर्यंत टिकले. त्याविना झालेली तिथली पहिली सार्वत्रिक निवडणूक २३ फेब्रुवारी १९५० ची. मालमत्ता, शिक्षण वा लिंग यांची कोणतीही अट न घालता प्रत्येक प्रौढाला मत देणारे भारताचे संविधान त्याच्या बरोबर चार आठवडे आधी, २६ जानेवारीला अंमलात आले होते.